राक्षसाच्या अंगावरचे ठसे

पैनगंगा ओलांडली की सामरी या राक्षसाचा मालक बदलायचा. त्याचा सिनेमा, रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर', १९८४ साली आला, तेव्हा उमरखेडच्या बाजूने तो 'सीपी बेरार' सर्किटचा माल होता आणि नदीपलीकडे हदगावला लागला की तोच सिनेमा 'निजाम' सर्किटचा. एका बाजूचे व्यवहार अमरावती-भुसावळच्या वितरकांकडे, दुसऱ्या बाजूचे हैदराबादकडे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १९४८ साली निजामाचं राज्यच गेलं, १९५६ आणि १९६० मध्ये राज्यांचे नकाशे दोनदा फिरले. सिनेमाच्या धंद्याने मात्र ती जुनी हद्द मोडली नाही. वितरकांच्या हिशेबात यवतमाळ जिल्हा अजून बेरारात आहे आणि नांदेड जिल्हा निजामात.

अशा हद्दीवरच्या, तालुक्याच्या गावांवरच रामसे बंधूंचा संसार चालला. धंद्यातली माणसं या गावांना 'बी' आणि 'सी सेंटर' म्हणत. मुंबईच्या समीक्षकांनी त्या सिनेमांकडे नाक मुरडून पाहिलं किंवा पाहिलंच नाही. गावोगावच्या टॉकीजमध्ये आणि यात्रेत, तमाशाच्या फडाशेजारी उभ्या राहिलेल्या तंबूत सामरी पडद्यावर आला की आधी किंकाळी, मग शिट्ट्या आणि शेवटी हशा. या क्रमाला महत्त्व आहे. घाबरायचं, घाबरलो म्हणून शेजाऱ्याच्या पाठीत धपका घालायचा आणि राक्षसाच्या तोंडाला लावलेलं कातडं कुठे सुटलंय ते शोधायचं. ज्यांनी हे सिनेमे मनापासून पाहिले त्यांना तो राक्षस खोटा आहे हे पहिल्यापासून ठाऊक होतं. तो कोणी तरी हाताने बनवलाय, हे दिसत होतं, आणि माझ्या मते त्या प्रेमाचं मूळ तिथेच आहे. संगणकावर घडवलेले राक्षस कितीतरी सफाईदार असतात, पण त्यांच्यावर कोणी पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकताना दिसत नाही.

सामरी आला कुठून? कथेपुरतं सांगायचं तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका राजाने या नरभक्षक सैतानाचं मुंडकं छाटून पेटीत बंद केलं, धड जुन्या देवळामागे पुरलं, आणि मरताना सैतानाने राजाच्या घराण्याला शाप दिला. प्रत्यक्षात तो आला रुडकीहून. अनिरुद्ध अग्रवाल तिथे शिकलेले स्थापत्य अभियंते, मुंबईत नोकरी करणारे. उंची सहा फुटांच्या बरीच वर, आणि पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराने चेहऱ्याची ठेवण वेगळी झालेली. रामसेंना इथे मुखवट्याचा अर्धा खर्च वाचला. पुढे शेखर कपूरच्या 'बँडिट क्वीन'मध्ये त्यांनी बाबू गुज्जर केला आणि तो सामरीपेक्षा कितीतरी भयंकर होता, कारण तिथे हसायला जागाच नव्हती.

रामसे हे मूळचे रामसिंघानी. वडील फतेहचंद यांचं फाळणीपूर्वी कराचीकडे रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनाव चढेना म्हणून ते आखूड झालं. मुंबईत आल्यावर रेडिओबरोबर सिनेमाचा नाद लागला. आता मराठी वाचकाने जरा सावरून बसावं. फतेहचंद रामसेंनी १९७० साली काढलेल्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या सिनेमाचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. 'रणांगण'चे, 'टिळक आणि आगरकर'चे बेडेकर. त्याआधी 'रुस्तम सोहराब'ही त्यांनीच रामसेंसाठी केला होता. सिनेमा पडला. पण त्यात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा आणि चिलखत चढवून चोरी करायला जातात, पोलिसांच्या गोळ्या अंगावरून घरंगळतात आणि पाहणारे दचकतात. रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून पाहिलं की लोक येतायत ते तेवढ्या प्रसंगासाठी. तो झाला की काही जण उठूनही जातात. मग अख्खा सिनेमाच तसा का काढू नये?

मराठीतल्या सर्वांत संयत कादंबरीकारांपैकी एकाच्या हातून हिंदी भयपटाच्या सर्वांत बेभान घराण्याचा पाया घातला गेला, आणि आपल्या वाङ्मयेतिहासात याची एका ओळीचीही दखल सहसा सापडत नाही. मला यात काही लाजिरवाणं वाटत नाही. मुखवट्याचा प्रसंग नीट घेतला होता म्हणूनच तो लोकांना भिडला.

पुढची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. वडिलांनी सातही मुलांना काश्मीरला हाउसबोटीवर नेलं, जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं पुस्तक हातात दिलं, आणि तिथून उतरताना कामं वाटली गेली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज पाहणार, अर्जुन संकलन करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरात झाला. सगळं कुटुंब तिथे मुक्कामाला, घरच्या बायका स्वयंपाकाला, जवळजवळ चाळीस दिवसांत काम आटोपून परत. बारा वर्षांनी 'पुराना मंदिर' आला तेव्हा त्यात सदाशिव अमरापूरकर होते, आणि जगदीपने 'शोले'ची केलेली टवाळीही होती. सामरीच्या सिनेमात गब्बरची नक्कल कशाला, असं नाक वर करून विचारता येतं. तंबूतल्या प्रेक्षकाने तसं कधी विचारलं नाही. तमाशात वगाआधी गौळण लागते, सोंगाड्या लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

रामसेंच्या डोळ्यांपुढे होते ते इंग्लंडच्या हॅमर कंपनीचे रंगीत भयपट. १९५७ चा 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन', १९५८ चा ख्रिस्तोफर लीचा 'ड्रॅक्युला'. लाल रक्त, धुकं, वाडा, आणि वाड्यात एकट्याने हिंडणारी देखणी बाई. रामसेंच्या 'बंद दरवाजा'तला नेवला हा त्या ड्रॅक्युलाचाच देशी भाऊ. हॅमरने हे सगळं उचललं होतं अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीकडून. १९३१ हे युनिव्हर्सलचं सोन्याचं वर्ष : फेब्रुवारीत बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला', नोव्हेंबरात बोरिस कार्लोफचा 'फ्रँकेन्स्टाइन'. जॅक पिअर्स नावाचा रंगभूषाकार रोज चार-चार तास कार्लोफला खुर्चीत बसवून कापूस, कोलोडियन आणि रंग यांचे थर चढवी. ते सपाट डोकं, जड पापण्या आणि मानेतले खिळे मेरी शेलीच्या कादंबरीत नाहीत; ते पिअर्सच्या बोटांतून आले. आज जगात कुठल्याही पोराला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस काढायला सांगा, तो पिअर्सचा राक्षस काढेल.

कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली १ जानेवारी १८१८ रोजी. त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालू होती. साडेतीन महिन्यांनी, एप्रिलात, दुसऱ्या बाजीरावाचा पांढरकवड्याजवळ शिवणी इथे पराभव झाला, म्हणजे आपल्याच आजच्या यवतमाळ जिल्ह्यात. शेलीबाईंना पांढरकवडा माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि बाजीरावाला फ्रँकेन्स्टाइन. पण हाताने माणूस शिवून तयार करण्याची कल्पना किती जुनी आहे याचा अंदाज यायला हे साल बरं पडतं.

ठशांची गोष्ट मात्र १९३३ ची आहे. 'किंग काँग'मधला तो अजस्र वानर प्रत्यक्षात जेमतेम दीड फुटाचा बाहुला होता. मार्सेल डेल्गाडोने धातूच्या सांगाड्यावर तो उभा केला, अंगाला सशाची फर लावली, आणि विलिस ओब्रायनच्या माणसांनी तो एकेका चित्रागणिक कणभर हलवला. हलवताना बोटं फरवर टेकायची, केस विस्कटायचे. पडद्यावर काँगचं अंग सतत शहारल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. खरं तर ही कामातली चूक. पण पाहणाऱ्यांना वाटलं, वानर रागाने फुलतोय. राक्षसाच्या अंगावर त्याच्या कर्त्याचे ठसे असे जिवंत राहिलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. जपानच्या गोडझिलात १९५४ साली हारुओ नाकाजिमा हा नट वजनदार रबरी पोशाखात शिरून नमुन्यातलं टोकियो तुडवत होता. तिथेही चाल माणसाचीच आहे, थकलेल्या, घामाघूम माणसाची.

हे झालं सामरीचं परदेशी आजोळ. त्याचं देशी घराणं त्याहून जुनं आणि मला जास्त जवळचं.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद आणि रंग यांनी उभी केलेली ही राक्षसीण. कोणी तिला पूतना म्हणतं, कोणी काळीमागे भोसल्यांच्या बांकाबाईची गोष्ट सांगतं. ईडापीडा घेऊन जा म्हणून लोक तिच्या नावाने ओरडतात, तिच्या मागे बडगे नावाचे पुतळे निघतात, ज्यांतून त्या वर्षीच्या भ्रष्ट पुढाऱ्यापासून महागाईपर्यंत सगळ्यांची टर उडवलेली असते, आणि शेवटी तिला जाळतात. दर वर्षी नव्याने बनवायची, दर वर्षी घाबरायचं, हसायचं आणि जाळायचं. सिनेमाचं यंत्र या देशात यायच्या आधीपासून विदर्भ हा खेळ खेळतो आहे. खवीस, हडळ, मुंजा, चकवा यांच्या गोष्टी रात्री ऐकल्या जातात. मारबत मात्र भर दिवसा, हजारो लोकांत, रस्त्याने जाते. सामरीच्या तंबूतला तो हशा मला गोष्टींपेक्षा मारबतीच्या मिरवणुकीतला वाटतो.

पडद्यावर ही परंपरा दादासाहेब फाळक्यांनी आणली. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'लंकादहन' सर्वांना माहीत असतात. राक्षसप्रेमी माणसाने पाहायचा तो १९१९ चा 'कालियामर्दन'. त्याचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, आणि पाण्याखाली ती एका अवाढव्य नागाशी झुंजते. तो नाग बनवलेला आहे हे आज कुणालाही दिसतं, तेव्हाही दिसलं असेल. त्याने काही बिघडत नाही. सुरुवातीला फाळके मुलीचा चेहराच पडद्यावर आणून तिचे हावभाव दाखवतात, म्हणजे ही आमची पोर आहे, आता ती कृष्ण होणार आहे, असं आधीच सांगून मोकळे होतात. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका अस्सल वाटला की तो भाग पुढे कापावा लागला. फाळक्यांचा खोटेपणा उघडा होता म्हणून तो पोरांनाही चालला, आणि पेंटरांचा लपला म्हणून सेन्सॉरला नको झाला.

परदेशी आणि देशी अशा या दोन घराण्यांची सोयरीक झाली ती १९३७ साली मुंबईत. युनिव्हर्सलचा 'द इन्व्हिजिबल मॅन' पाहून विजय भट्ट यांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. वस्तू आपोआप हलताना दाखवायच्या होत्या. सुरतहून आलेल्या बाबूभाई मिस्त्री या तरुण पोराने त्या काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने हलवल्या. त्यावरून त्याचं नावच 'काला धागा' पडलं. पुढची तीसेक वर्षं हिंदी पौराणिक आणि स्टंट सिनेमातले उडते गालिचे, दहा तोंडी रावण आणि दरीतले राक्षस यांच्यामागे हाच दोरा होता. १९६२ साली बाबूभाईंनी 'किंग काँग' नावाचाही सिनेमा केला. दारासिंग नायक होता, वानराचा त्यात पत्ता नव्हता. नाव मात्र पोस्टरवर झळकलं. तिकिटं विकायला तेवढं पुरे.

त्या काळातल्या प्रतिष्ठित हिंदी भयपटांबद्दल मी फार लिहिणार नाही. 'महल', 'बीस साल बाद', 'वह कौन थी' हे उत्तम सिनेमे आहेत, गाणी तर विचारूच नका. पण त्यांच्या शेवटी भूत निघतं माणूसच, कुणाचा तरी कट. ज्याला राक्षस हवा त्याची फसवणूक होते. रामसेंनी सहसा ती केली नाही. त्यांच्याकडे सैतान हा सैतानच होता आणि त्याला मारायला त्रिशूळच लागायचा.

मराठी सिनेमात मात्र हे सगळं उशिरा आलं. मराठी माणसाची भीती पुस्तकात राहत होती, मुख्यतः नारायण धारपांच्या. तालुक्याच्या वाचनालयात धारपांची पुस्तकं पुठ्ठे निखळलेल्या अवस्थेतच मिळायची, यावरून काय ते समजावं. धारप पाश्चात्त्य कथा घेऊन त्या इतक्या बेमालूम मराठी वाड्यात बसवत की मूळ आठवायचंही नाही. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चं 'लुचाई' झालं, 'इट'चं 'शपथ'. आणि किंगच्याच 'ग्रॅमा' या कथेवरून त्यांनी 'आजी' लिहिली.

मग येतं १९९३. या एका वर्षाने आजच्या सगळ्या राक्षसांची सोय लावली. रामसे 'झी हॉरर शो' घेऊन टीव्हीत शिरले आणि सामरीच्या भाऊबंदांना तिकीट लागेनासं झालं. महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' काढला. आणि विदर्भात, नागझिऱ्याच्या जंगलात, राही अनिल बर्वे नावाच्या एका मुलाला त्याच्या मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली.

आधी 'झपाटलेला'. मूळ उघड आहे : १९८८ चा अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले', त्यातला मरणारा गुन्हेगार आणि त्याचा जीव शिरलेला चकी नावाचा बाहुला. पण चकी दुकानातला, कारखान्यात बनलेला माल होता. तात्या विंचू हा शब्दभ्रमकाराच्या मांडीवर बसणारा बाहुला आहे, आणि तो रामदास पाध्ये यांनी बनवला. त्यांचे वडील यशवंत पाध्ये म्हणजे आपल्याकडच्या शब्दभ्रम कलेचे आद्य पुरुष, अर्धवटरावाचे जनक. अर्धवटरावाने शंभरी केव्हाच ओलांडली. म्हणजे तात्या विंचूचं रक्त चकीचं, पण हाडं अर्धवटरावाची. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससाही याच घरातला, हे कळल्यावर तात्या विंचूची भीती किती उरते ते ज्याचं त्याने ठरवावं. दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्या लाकडी-कापडी तुकड्याकडे पाहून जी धांदल केली तिच्यामुळे तो जिवंत झाला. बाहुला कसा हलतो यापेक्षा समोरचा कसा घाबरतो यावर राक्षसाचा जीव असतो. बेर्डे हे फार चांगलं जाणत होते. आज तीस वर्षांनंतर, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी मुलं तात्या विंचूचा मंत्र म्हणत एकमेकांना घाबरवतात. एवढं आयुष्य आपल्याकडे फार थोड्या नायकांना लाभलं.

नागझिऱ्यातली गोष्ट पिकायला पंचवीस वर्षं लागली. 'तुंबाड' आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीचं, आजी धारपांची, तिच्यामागची आजी किंगची, सासवडचा वाडा, कोकणचा पाऊस. चित्रीकरणच अनेक पावसाळे चाललं. आणि हे सगळं हिंदीत, हे मात्र मला अजून खटकतं. कोकणस्थांच्या घरातला हावरटपणा मराठीतून ऐकायला हवा होता. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा तो उद्‌घाटनाचा सिनेमा ठरला, तो मान मिळालेला पहिला भारतीय सिनेमा. इकडे मात्र पहिल्या खेपेला थिएटरं भरली नाहीत. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. मधल्या सहा वर्षांत तो मोबाइलवर, एकमेकांच्या आग्रहाने पाहिला गेला होता. पाहिलेली माणसं पुन्हा तिकीट काढून गेली. अंधारात, चार अनोळखी लोकांत दचकायला. त्यातला हस्तर हा राक्षस कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. पुन्हा बाहुलीच, आणि तीही घरातल्या परातीत मळलेली.

आता 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. २०१३ च्या दुसऱ्या भागात त्रिमितीची हौस भागवून झाली. या वेळी २००४ साली गेलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पडद्यावर आणण्याचा विचार महेश कोठारे यांनी बोलून दाखवला होता. गेलेल्या माणसाचा जीव यंत्रात घालायचा, म्हणजे 'झपाटलेला'चं कथानकच की, असं एखाद्या चाहत्याने म्हटलं तर कोठाऱ्यांनी रागावू नये. बेर्डे यांचं काय करायचं ते त्यांच्या घरच्यांनी आणि कोठाऱ्यांनी ठरवावं. त्यात आपण बोलू नये. पण तात्या विंचूच्या बाबतीत बोलायचा हक्क तिकीट काढणाऱ्यांना आहे. तो संगणकावर बनवू नका. रामदास पाध्ये यांचे चिरंजीव सत्यजित हे घराण्यातले तिसऱ्या पिढीचे शब्दभ्रमकार आहेत. बाहुला त्यांच्या हातात द्या, आणि मान वळताना थोडी अडखळली तर तो शॉट कापू नका.